केळीला बी नसतं

६ जानेवारी १९८६, असोदा

दलिचंद शेठच्या खताच्या दुकानातून नवी डायरी आली. दरवर्षी देतात. पहिल्या पानावर देवाचं चित्र, शेवटच्या पानावर कोणत्या किडीवर कोणतं औषध. मधली पानं माझी. पाच दिवस कोरीच ठेवली, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

भटूच्या युनिटमधून पत्र आलं. दर सोमवारी एक याप्रमाणे मी त्यांना आजवर सहासष्ट पत्रं पाठवली. उत्तरं आली नऊ, आणि नऊही एकाच साच्यातली. शोध चालू आहे, काही कळल्यास कळवू. हे दहावं निराळं आहे. तिथे नवे कमांडिंग साहेब आले आहेत. ते लिहितात, "गुरुजी, एकदा येऊन जा. ज्या जंगलावर हेलिकॉप्टर हरवलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पाहून बरं वाटेल असं मी म्हणत नाही. पण आम्हाला ते का सापडलं नाही, एवढं कळेल."

डोकं ठिकाणावर राहावं म्हणून पुन्हा एकदा स्वच्छ लिहून ठेवतो. माझा मुलगा भटू सुकदेव पाटील, वय सव्वीस, फौजेच्या पुरवठा खात्यात. आसामच्या पलीकडे, ब्रह्मदेशाच्या अंगाला डोंगरातल्या चौक्या आहेत. तिथे रस्ता नाही. हेलिकॉप्टरने धान्य नेऊन टाकायचं, हे त्याचं काम. १७ सप्टेंबर १९८४ ला चौकीवर माल उतरवून परत येताना हेलिकॉप्टर ढगात शिरलं, ते बाहेर आलंच नाही. आत पाच जण. पंधरा दिवस शोधलं. पत्र्याचा एक तुकडाही मिळाला नाही.

मिळाला नाही म्हणजे मेला नाही. शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं मी. पुराव्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नसते.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्यायच्या निमित्ताने पारोळ्याहून व्याही आले, मंजुळाचे वडील तोताराम. तिळगूळ हातात होता तोवर गोड बोलले. मग मुद्द्यावर आले.

"गुरुजी, मी भांडाले नही येल. मन्ही पोर बावीस वरीसनी शे. तिना पुढे बठ्ठी जिंदगी पडेल शे. धुयाले एक स्थळ शे, माणूस चांगला शे, पाट लावाले तयार शे. तुम्ही फक्त यंदा आखाजीले घागर भरा."

सरळ सांगायचं तर, पोरीचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावता यावं म्हणून त्यांनी मला माझा मुलगा मेला असं कबूल करायला सांगितलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. घरातलं माणूस गेलं की पुढच्या आखाजीला त्याच्या नावाची नवी घागर येते. ती भरली, वर खरबूज आणि सांजोरी ठेवली, निखाऱ्यावर घास टाकून नाव घेतलं, की तो माणूस पितरांत गेला. मग बायको मोकळी, सगळेच मोकळे.

मागच्या आखाजीला नथ्थू कुंभाराने न सांगता दोन घागरी आणल्या होत्या. मी विचारलं, दुसरी कुणाची? तो खाली बघायला लागला. मी ती उचलून अंगणात फोडली. तेव्हापासून नथ्थू आमच्या आळीने जात नाही. गाढव घेऊन लांबून वळसा घालतो.

मी तोतारामांना म्हणालो, "फेब्रुवारीत मी तिकडे जातो आहे. येईपर्यंत दम धरा." ते गेले. मंजुळा आतून सगळं ऐकत होती. तिने येऊन पाण्याचे पेले उचलले. ती तशीही फार बोलत नाही. लग्नानंतर सगळे मिळून एक्केचाळीस दिवस ती आणि भटू एका घरात राहिले आहेत.

२ फेब्रुवारी, भुसावळ स्टेशन

हावड्याची गाडी तीन तास उशिरा आहे. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि भटूला आवडतो म्हणून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा डबा. पीठ का घेतलं, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तापलो असतो.

निघताना भटूची आई दारापर्यंत आली. म्हणाली, "मले आता तो सपनात बी दिसत नाही. तुमी जाऊन या. पन जे दिसीन तेच सांगजा. मास्तरकी नका करजा."

म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. गावात माणसं मला नमस्कार करतात, घरात हे असं.

७ फेब्रुवारी, तळावर

या गावाचं नाव कुठे लिहू नका असं साहेबांनी सांगितलं आहे. नाही लिहीत. पाच दिवसांत तीन गाड्या बदलल्या. शेवटच्या स्टेशनवर जीप उभी होती आणि एक उंच हवालदार माझ्या नावाची पाटी धरून. मगनसिंग, राजस्थानचा. भटूचा जोडीदार. त्याने माझ्या पायांना हात लावला आणि तिथेच रडायला लागला. मला ते आवडलं नाही. जिवंत माणसासाठी कुणी असं रडत नाही.

तळ म्हणजे लांबच लांब पत्र्याच्या बराकी, तारेचं कुंपण, चुन्याने पांढरे केलेले दगड. एक मैदान, त्यावर चार हेलिकॉप्टरं, पंख खाली लोंबणारी. हवेत सतत ओल. सकाळी धुतलेलं धोतर रात्रीपर्यंत वाळलं नाही.

कमांडिंग साहेब तरुण आहेत, पंचेचाळिशीचे असतील. माझ्यासमोर उभे राहिले, मी बसल्यावर बसले. भिंतीवरच्या नकाशावर हिरव्या रंगात एक लाल गोल दाखवला. मी विचारलं, हा गोल केवढा? ते म्हणाले, "आपके जलगाँव जिले जितना समझिए। लेकिन इसमें एक भी गाँव नहीं।"

८ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहायला हवं.

मगनसिंग मला भटारखान्याच्या मागे घेऊन गेला. तिथे केळी आहेत. आपली बुटकी बसराई नव्हेत, तिकडची उंच जात, पण काय लावल्यात! चार ओळी, प्रत्येकीत नऊ झाडं, पाच फुटांवर एक. बुंध्याशी एकच पील, म्हणजे नवा कोंब, ठेवलेलं, बाकीची कापलेली. वाळकी पानं काढून बुंध्यापाशीच अंथरलेली. मला काही सांगावंच लागलं नाही. ही असोद्याची बाग होती.

मगनसिंग म्हणाला, "भटू ने लगाया था। डोरी बाँधकर। हम हँसते थे, अरे केला है, परेड थोड़ी है। वो कहता था, लाइन टेढ़ी हुई तो मेरा बाप यहाँ तक आएगा मारने।"

मी त्या ओळीच्या टोकाला उकिडवा बसलो आणि एक डोळा मिटून पाहिलं. नऊच्या नऊ बुंधे एकामागे एक लपले. फक्त पहिला दिसत होता.

एकोणऐंशीच्या मृगबागेची, म्हणजे जूनमधल्या लागवडीची गोष्ट, ती मी कधी कुठे लिहिली नाही. आज लिहितो. भटूने एक ओळ वाकडी लावली होती. एकोणीस वर्षांचा, दोनदा बारावी नापास झालेला, आणि म्हणत होता की मला शेतीच करायची. मी मजुरांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. म्हणालो, "तुला केळीची ओळ सरळ लावता येत नाही, तू काय शेती करणार?" तो हसला होता. मार खाऊन हसला. पुढच्याच महिन्यात धुळ्याला भरती होती. तिथून परस्पर तार आली, निवड झाली म्हणून. मी गावात पेढे वाटले. लोकांना वाटलं, मास्तर किती खूश आहेत.

मीच पाठवलं त्याला इथे. दुसऱ्या कुणी नाही.

भटूची ट्रंक त्यांनी माझ्या ताब्यात दिली. कपडे, दाढीचं सामान, मंजुळाची सहा पत्रं दोरीने बांधलेली. दोरीला पाच पाच फुटांवर गाठी होत्या.

१० फेब्रुवारी

आज मी हेलिकॉप्टरमध्ये बसलो. वय साठ, आजवरची सगळ्यात उंच जागा म्हणजे पारोळ्याच्या किल्ल्याचा बुरूज.

बसलो असं म्हणायचं, खरं तर आट्याच्या पोत्यांवर पडून होतो. आजूबाजूला डाळीची पोती, रॉकेलचे डबे, टपालाची थैली आणि पाय बांधलेले दोन बोकड. कानात कापूस, त्यावर टोप. तरी आवाज असा की दात हलायला लागले. बोकड पहिल्या मिनिटाला ओरडले, मग गप्प झाले. मीही.

दार उघडंच होतं. मगनसिंगने मला कमरेला पट्टा बांधून दाराशी बसवलं. आधी चहाचे मळे, कापून सारखे केलेले. मग नदी, पांढऱ्या वाळूत सुटलेल्या वेणीसारखी. मग जंगल सुरू झालं आणि ते संपेचना.

मी सातपुडा पाहिला आहे, पाल-यावलचं रान पायाखाली घातलं आहे. रान म्हणजे झाडं आणि झाडांमधली जमीन. इथे जमीनच नाही. झाडावर झाड, त्यावर वेल, त्यावर दुसरं झाड, वरून बघावं तर बाजारात कोबीचे गड्डे खच्चून भरलेले, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत. सुई टाकली तरी खाली पोचायची नाही. डोंगर येतो, दरी येते, फक्त हिरवं वर होतं आणि खाली होतं. अर्धा तास मी बघत होतो. साहेबांनी जे लिहिलं ते मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. वाटलं, परत फिरवा म्हणावं. घागर भरतो म्हणावं.

चौकीवर उतरलो. डोंगराच्या माथ्यावर आमच्या शाळेच्या अंगणाएवढी सपाट जागा. तीस जवान धावत आले, आधी टपालाच्या थैलीकडे आणि मग आट्याकडे. पाच मिनिटांत सगळं खाली. एक पोरगेला जवान मला बघून थबकला, आपल्या बापाची आठवण आली असावी. पंखे थांबवलेच नव्हते. लगेच वर.

परतीला वैमानिकाने वाट बदलली, लाल गोलाच्या कडेकडेने. साहेबांनी त्याला दहा मिनिटं जादा दिली होती. आणि सातव्या मिनिटाला मी पाहिलं.

एका उतारावर केळी होती. ओळीत.

मी डोळे चोळले नाहीत, चोळायची गरज नव्हती. गर्द काळपट हिरव्यात ती फिकी पोपटी पानं मी कुठेही ओळखीन. डोंगराच्या वरच्या धारेपासून खाली ओढ्याकडे सरळ एक पट्टा, शंभरेक पावलं लांब. दोन्ही बाजूंना जंगल उभं, मधे फक्त केळी. आणि खालच्या टोकाला एकदा, एकदाच, काहीतरी चमकलं. पत्रा असेल. झोपडीवर टाकलेला.

मी मगनसिंगचा हात ओढून दाखवलं. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, "जंगली केला है, बाबा! जहाँ जंगल टूटता है, वहीं उगता है! बीज से!"

बीज से! अरे, चाळीस वर्षं केळी लावली मी. केळीला बी नसतं. कंद खणावा लागतो, वाहून न्यावा लागतो, खड्डा करून पुरावा लागतो. केळी आपली आपण कुठे जात नाही, माणसाने न्यावी लागते. आणि ओळीत तर नाहीच. राजस्थानात बाजरी पिकते, त्याला काय कळणार.

वैमानिकाने दोनदा घिरटी घातली. दुसऱ्या वेळी फार खाली आला. मग मांडीवरच्या नकाशावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. परत येईपर्यंत मी एकटाच बोलत होतो, त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून बरं. मी म्हणत होतो, शाबास पठ्ठ्या.

११ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. तासभर विचारत होते. पट्टा किती रुंद, वरून खाली की आडवा, चमकलं ते नेमकं कुठे. मी कागदावर काढून दिलं. गणिताच्या मास्तरने काढलेली आकृती, ती चुकायची नाही. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पाय मोडला असेल, दरीतून चढता येत नसेल, रानातल्या लोकांकडून चार कंद मागून घेतले असतील. ज्याला जे येतं ते तो करतो. साहेब मान खाली घालून ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "गुरुजी, आपने बहुत बड़ा काम किया है। मैं पैदल पार्टी भेजूँगा। जाने में ही कई दिन लगेंगे, और उसके पहले रास्ता काटना पड़ेगा।"

सतरा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी पार्टी पाठवतो म्हणालं. म्हणजे त्यांना पटलं.

निघताना मगनसिंगने भटूच्या ओळीतलं एक पील ओल्या पोत्यात गुंडाळून दिलं. आणि एक रानकेळं, बोटाएवढं, हिरवंच. म्हणाला, "घर जाकर काटकर देखना, बाबा।" मी पिशवीत टाकलं.

१७ फेब्रुवारी, असोदा

घरी. सगळ्यांना सांगितलं. पारावर सांगितलं, शाळेत जाऊन सांगितलं, भटूच्या आईला दोनदा सांगितलं. तिने एकच विचारलं, "तुमाले तो दिसला का?" म्हणालो, तो नाही, त्याची ओळ दिसली. ती उठून चुलीकडे गेली. बायकांना पुरावा म्हणजे काय ते समजत नाही.

मंजुळाने पत्रांची दोरी हातात घेतली, एकेक गाठ मोजली आणि पदराआड ठेवली. माझ्या सांगण्याने ती बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणजे हसल्यासारखं केलं. पण केलं.

२० फेब्रुवारी

पील परसात लावलं. जगेल असं वाटतं.

पिशवी झटकताना ते रानकेळं निघालं, आता पिवळं पडलेलं. मंजुळा म्हणाली, आबा, मी कापते. विळीवर धरून तिने दोन तुकडे केले आणि तशीच बसून राहिली, बराच वेळ. मी ओसरीवरून विचारलं, कसं आहे गं? ती म्हणाली, "नासेल होतं, आबा. टाकून दिलं."

पाच दिवसांचा प्रवास, नासणारच.

९ मार्च

तोताराम पुन्हा आले. धुळ्याचे लोक थांबायला तयार नाहीत. मी त्यांना ओळीची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत होते, पण नजर माझ्यावर नव्हती, पोरीवर होती.

"मंजुळा, बेटा, तू सांग. तुले काय वाटस?"

ती दारात उभी होती. एकदा माझ्याकडे बघितलं तिने. मग बापाला म्हणाली, "बाबा, मी आते नही येस. आखाजीलोंग आबासगंच ऱ्हास."

आखाजीपर्यंत इथेच, माझ्याजवळ. सख्ख्या मुलीने ठेवला नसता एवढा विश्वास या पोरीने माझ्यावर ठेवला. तोताराम पाणीही न पिता गेले. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो नाही. जायला हवं होतं.

३० मार्च

पत्र नाही.

१८ एप्रिल

पत्र नाही. ऊन बेचाळीसच्या वर. बागेत पाणी पुरत नाही, तरी परसातल्या पिलाला मी रोज दोन बादल्या घालतो. आज सुरळी उलगडली, पहिलं पान. मंजुळाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, आबा." तिचा आवाज बसलेला होता. उन्हाने असेल.

पार्टी आता पोचली असेल. भटू त्यांना बघून काय म्हणेल? आधी मगनसिंगला शिवी घालेल, एवढा उशीर का म्हणून.

७ मे

दुपारी जळगावच्या बसमधून मगनसिंग उतरला. पूर्ण वर्दीत, एवढ्या उन्हात. हातात लाल कापडाने तोंड बांधलेला पितळी कलश.

तो दारात उभा राहिला आणि त्याने मला सलाम ठोकला. मी म्हणालो, आत या. आवाज माझाच होता. भटूची आई भाकरी थापत होती, तिने पिठाचे हात तसेच कपाळाला लावले. ती ओरडली नाही. तिला माहीत होतं. मला वाटतं, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

साहेबांचं पत्र मंजुळाने वाचलं, माझ्या चष्म्याला काहीतरी झालं होतं. पार्टी अठरा दिवस चालली. मी काढून दिलेली आकृती त्यांच्या हातात होती आणि ती तंतोतंत बरोबर निघाली. हेलिकॉप्टर धारेला टेकलं होतं आणि झाडं कापत सरळ ओढ्यापर्यंत घसरत गेलं होतं. शंभर पावलं. जंगल तुटलं, ऊन खाली पोचलं, आणि त्या तुटलेल्या पट्ट्यात रानकेळी उगवली. खालच्या टोकाला पत्रा होता, तो पंखा. पाचही जण आत होते. तिथेच सगळ्यांना एकत्र अग्नी दिला, वेगळे करण्यासारखे नव्हते. भटूचा बिल्ला गळ्यात होता.

शेवटी साहेबांनी लिहिलं आहे, "हमारे सब लोग जिसे नहीं ढूँढ सके, उसे आपकी आँखों ने ढूँढा।"

मगनसिंग म्हणाला, "उसी वक्त हुआ होगा, बाबा। किसी को पता भी नहीं चला होगा।" असं ते सगळ्यांनाच सांगत असतील. मी मान हलवली. मग कळण्याची भाकरी वाढली त्याला. तो डबा मी तिकडून तसाच परत आणला होता, पीठ अजून चांगलं होतं.

मी वरून त्याला शाबास म्हणालो. तो खाली त्या पत्र्यात होता आणि मी हात हलवून शाबास म्हणालो.

९ मे

नथ्थूकडे गेलो. वर्षभरात पहिल्यांदा. तो चाकावरून उठून उभा राहिला, हात मातीचे.

मी म्हणालो, "एक घागर पाहिजे, नथ्थू. पितरांची घरात येईल ती वेगळी. ही एक."

तो आत गेला आणि भुशातून एक काढून आणली. "गुरुजी, मांगल्या साली तुमी फोडली, त्याच दिवशी दुसरी केली व्हती. ठेवेल हाये. कोणाले देली नाही." फडक्याने पुसून माझ्या हातात दिली. मी त्याची माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "राहू द्या. हातावर धरून न्या, खांद्यावर नका घेऊ. नवी हाये."

आखाजी, दुपार

गावभर झोके आणि गाणी. माहेरवाशिणी आल्या आहेत. तोतारामही सकाळीच आले आहेत, ओसरीच्या कडेला बसून आहेत, माझ्याशी बोलले नाहीत पण माझ्या शेजारी बसले.

पाट मांडला. घागर ठेवली. मुलाने बापाची भरायची असते, बापाने मुलाची नाही. मी पाणी ओतलं, तर निम्मं घागरीबाहेर जमिनीवर गेलं. मंजुळाने तांब्या माझ्या हातातून घेतला आणि काठोकाठ भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली.

मग तिने कमरेची गाठ सोडून एक पुडी काढली आणि माझ्यासमोर उघडली. काळ्या बिया होत्या. चिंचोक्यापेक्षा लहान, हरभऱ्याएवढ्या, खडबडीत. वीसेक.

"आबा, त्या रानकेळाच्या आहेत," ती म्हणाली. "नासलेलं नव्हतं ते."

मी एक बी उचलली. कडक होती, दगडासारखी. चाळीस वर्षं केळी लावली मी.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मग पारोळ्याला का नाही गेलीस?"

ती घागरीवरचं खरबूज नीट ठेवत म्हणाली, "तुम्ही पिलाला पाणी घालत होतात, आबा. मी गेले असते तर तुम्हाला कोण हो म्हणणार होतं?"

अडीच महिने. मी पारावर बढाया मारत होतो, तिच्या बापाला दारातून परत पाठवत होतो, आणि ही बावीस वर्षांची पोर कमरेला नवऱ्याचं मरण बांधून माझ्याबरोबर त्याची वाट बघत होती. धुळ्याचं स्थळ गेलं, मार्चमध्येच. तोताराम आता तिला घेऊन जातील, दुसरं बघतील, मिळेल न मिळेल. मी विश्वास म्हणालो होतो त्याला. इथेच मागे, नऊ मार्चच्या पानावर लिहिलं आहे. खोडणार नाही.

निखारे आणले. पुरणपोळीचा तुकडा, तूप, आमरसाचं बोट. घास टाकायचा आणि नाव घेऊन बोलवायचं, अमुक, जेवायला ये. एवढंच. माझ्या बापाला, आजोबाला मी आजवर असंच बोलवत आलो. भटूची आई म्हणाली, "घ्या ना नाव. थंडं होऊन राह्यलं."

मी घास टाकला. धूर वर आला. नाव घेतलं, भटू. पण पुढे जेवायला ये असं आलंच नाही तोंडातून. सात वर्षं जे सांगायचं राहिलं होतं तेच आलं, आणि व्याह्यांसमोर, सुनेसमोर, मोठ्यानेच आलं.

"भटू, मी बसून पाहिली. भटारखान्यामागची. ओळ सरळ आहे रे."

भटूच्या आईने माझ्या हातातून पळी काढून घेतली आणि मुलाला जेवायला बोलावलं.